कार्डिनल मासा आणि समुद्रपुष्प : घरच्या काचपेटीतील शेजार

(व्याख्यानाचा मजकूर)



काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि सहलीला आलेल्या शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राच्या पोटातील जग प्रथम तेथे पाहिले. तेव्हापासून गप्पी, गोल्डफिश, एंजल यांसारखे गोड्या पाण्यातील मासे घराघरांत, शाळांच्या प्रयोगशाळांत आणि कार्यालयांच्या प्रतीक्षाकक्षांतही आले. या हौसेची पुढची पायरी म्हणजे खाऱ्या पाण्याची पेटी. ती अधिक देखणी असते, त्याचप्रमाणे ती अधिक खर्चाची आणि अधिक जबाबदारीचीही असते.

अशा पेटीत दोन जीव एकत्र ठेवावेत अशी इच्छा अनेकांना होते. एक, चंदेरी अंगावर काळे पट्टे मिरविणारा बांगाई कार्डिनल मासा. आणि दुसरा, खडकाला चिकटून फुलासारखा डोलणारा सी ॲनिमोन, म्हणजेच समुद्रपुष्प. हे दोघे समुद्रात शेजारी राहतात, तेव्हा पेटीतही सुखाने राहतील, असे सांगितले जाते. या विधानाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र काही अटींवरच खरा ठरतो, आणि त्या अटी पाळल्या न गेल्यास माशाचे प्राण जातात. त्या अटी कोणत्या आणि त्यांची कारणे कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बांगाई बेटांचा रहिवासी

कार्डिनल माशांच्या कुळात अनेक जाती आहेत. त्यांतील बहुतेक निशाचर असून दिवसा खडकांच्या कपारीत दडून राहतात. बांगाई कार्डिनल हा दिवसा वावरणारा असल्याने पेटीत सतत दृष्टीस पडतो, आणि हौशी मंडळींची त्याला पसंती मिळण्याचे हेही एक कारण आहे. पूर्ण वाढलेला मासा सुमारे आठ सेंटिमीटर लांब असतो. डोक्यावर व अंगावर मिळून तीन काळे उभे पट्टे, काळ्या परांवर पांढरे ठिपके, लांब झुलणारे पर आणि खोल दुभंगलेली शेपटी अशी त्याची ठेवण आहे.

या माशाचे मूळ घर एकच : इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या पूर्वेस असलेला बांगाई द्वीपसमूह. स्वीडनचे वॉल्टर काउडर्न यांनी १९२० मध्ये तेथून त्याचे नमुने मिळविले. १९३३ मध्ये कौमान्स या डच मत्स्यशास्त्रज्ञाने त्या नमुन्यांवरून जातीचे वर्णन केले आणि काउडर्न यांचे नाव तिला दिले. त्यानंतर साठ वर्षे हा मासा जवळपास विस्मरणात गेला होता. १९९४ मध्ये जेरल्ड ॲलन यांनी त्याचा पुन्हा शोध घेतला आणि अल्पावधीतच जगभरच्या शोभिवंत माशांच्या बाजारात त्याला प्रचंड मागणी आली. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दरवर्षी सहा ते सात लाख मासे पकडले जात असल्याचा अंदाज अभ्यासकांनी नोंदविला आहे. बेटांभोवतीच्या ज्या उथळ पट्ट्यात हा मासा प्रत्यक्ष राहतो, त्याचे एकूण क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटरांनाही भरत नाही. एवढ्या लहानशा जागेवर एवढा मोठा उपसा किती काळ सोसवेल, हा प्रश्न मग साहजिकच पुढे आला.

या माशाची प्रजननाची रीत पाहिली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य अधिक स्पष्ट होते. समुद्रातील पुष्कळशा माशांची अंडी वा सूक्ष्म पिले प्रवाहाबरोबर दूरवर वाहून जातात आणि नव्या जागी वस्ती करतात. बांगाई कार्डिनलच्या बाबतीत तसे घडत नाही. मादीने घातलेली अंडी नर आपल्या तोंडात घेतो व सुमारे वीस दिवस उबवितो. अंडी फुटल्यावरही आणखी सुमारे दहा दिवस तो पिलांना तोंडातच सांभाळतो. या साऱ्या काळात तो जवळजवळ उपाशी असतो. एका वेणीची अंडी शेकड्यांत नसतात, ती साधारणपणे चाळीस ते साठच्या घरात असतात. बापाच्या तोंडातून बाहेर पडणारी पिले आकाराने लहान असली, तरी रूपाने पूर्ण वाढलेल्या माशासारखीच असतात आणि तेथेच, जवळच्या आसऱ्याला राहतात. परिणामी एखाद्या खाडीतील वस्ती उपसली गेली, तर दुसऱ्या बेटावरून ती आपोआप भरून येत नाही.

आसरा आणि दंश

बापाच्या तोंडाबाहेर आलेल्या पिलाला पहिल्या क्षणापासून लपण्याची जागा लागते. इतर मासे तर त्याला खातातच, त्याच्याच जातीचे मोठे मासेही त्याला सोडत नाहीत. बांगाई बेटांच्या उथळ, शांत पाण्यात अशा आसऱ्याच्या जागा प्रामुख्याने तीन : लांब काट्यांचे सी अर्चिन, फांद्यांचे प्रवाळ आणि समुद्रपुष्पे. मोठे मासे अधिक करून अर्चिनांच्या काट्यांभोवती थव्याने राहतात. अगदी लहान पिले मात्र समुद्रपुष्पांच्या आधाराने वाढताना मोठ्या संख्येने दिसतात.

समुद्रपुष्प हे नावाने पुष्प असले, तरी तो प्राणी आहे, आणि मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या तोंडाभोवती असलेल्या संस्पर्शकांवर असंख्य दंशकोशिका असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी त्यांतून विषारी सूत्रे सुटतात, भक्ष्य बधिर होते आणि संस्पर्शक त्याला तोंडाकडे ओढून नेतात. ज्या शस्त्रामुळे शत्रू माशांच्या पिलांजवळ येण्यास धजत नाहीत, तेच शस्त्र बेसावध माशावरही चालते. आसरा आणि धोका येथे एकाच ठिकाणी नांदतात.

या संदर्भात विदूषक माशाचे, म्हणजे क्लाउनफिशचे उदाहरण नेहमी दिले जाते आणि तेथूनच गैरसमजास सुरुवात होते. विदूषक मासा समुद्रपुष्पाच्या कुशीत अक्षरशः लोळतो. त्याच्या अंगावरील श्लेष्म्यात सियालिक आम्ल अत्यल्प असते आणि त्यामुळे दंशकोशिका उत्तेजित होत नाहीत, असे अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. समुद्रपुष्पाशी त्याचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांच्या उत्क्रांतीतून घडलेले आहे. कार्डिनल माशाच्या ठिकाणी असे पूर्ण अभय गृहीत धरता येत नाही. तो संस्पर्शकांच्या भोवती आणि अधूनमधून वावरतो. संकटाची चाहूल लागताच तो आत सरकतो आणि संकट टळले की बाहेर येतो. किती जवळ जायचे, हे तो स्वतः ठरवितो.

समुद्रात हे त्याला शक्य होते, कारण तेथे जागा मोकळी असते. घरच्या पेटीत मात्र हे अंतर मासा ठरवीत नाही. पेटी मांडणारा माणूस ठरवितो. कार्डिनल आणि समुद्रपुष्प सुरक्षितपणे एकत्र ठेवण्याचे सारे तंत्र या एका गोष्टीभोवती फिरते.

पेटी केवढी असावी

बांगाई कार्डिनलची एक जोडी आणि एक समुद्रपुष्प यांच्यासाठी १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच अशी पेटी योग्य होय. तिची धारणक्षमता सुमारे २४० लिटर भरते. खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी दोनशे लिटरच्या आसपास राहते. याहून लहान पेटीत मासा जगणारच नाही असे नाही. परंतु समुद्रपुष्प फुलून आल्यावर त्याला स्पर्श न करता वावरण्याइतकी जागा तेथे उरत नाही. एवढ्या पेटीचे वजन खडक व काच धरून तीनशे किलोच्या घरात जाते. म्हणून लाकडी टेबलावर किंवा कपाटावर ती ठेवू नये. भक्कम लोखंडी चौकट करून घ्यावी.

पाणी हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या किंवा खाडीकाठच्या गावांच्या किनाऱ्यावरून बादलीने आणलेले पाणी पेटीत घालण्याचा मोह टाळावा. त्यात सांडपाणी मिसळलेले असू शकते, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता फार उतरते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, तर कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असते. आरओ यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्यात जलजीवालयासाठी मिळणारे सागरी मीठ मोजून मिसळणे, हा खात्रीचा मार्ग आहे. क्षारता दर हजारी ३४ ते ३५ भाग, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२४ ते १.०२६, आणि तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस ठेवावे. अमोनिया आणि नायट्राइट यांचा अंशही असू नये, आणि नायट्रेट शक्य तितके कमी असावे. हे मोजण्याचे संच बाजारात मिळतात आणि शाळेतील विज्ञानशिक्षकास ते सहज हाताळता येतात.

नव्या पेटीत समुद्रपुष्प कधीही घालू नये. उत्सर्जित अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणू खडकांवर व वाळूत स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. पेटीचा समतोल पुरता बसण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ जातो. किमान सहा महिने पेटी व्यवस्थित चालल्यावरच समुद्रपुष्पाचा विचार करावा. घाई करून आणलेले समुद्रपुष्प हळूहळू आक्रसत जाऊन मरते, आणि मरताना सर्व पाणी नासवून जाते.

कोणते समुद्रपुष्प निवडावे

सर्व समुद्रपुष्पे सारखी नसतात. गालिच्यासारखी पसरणारी, आखूड व चिकट संस्पर्शकांची जी जात आहे, तिचा दंश तीव्र असतो, आणि पेटीतील मासे गिळण्याबद्दल ती कुप्रसिद्ध आहे. कार्डिनलबरोबर ती मुळीच ठेवू नये. संस्पर्शकांची टोके बुडबुड्यांसारखी फुगणारी जात घरगुती पेटीस त्यातल्या त्यात योग्य. बाजारात ती बबल-टिप या नावाने मिळते. ही जात पेटीत स्वतःचे विभाजन करून वाढते, त्यामुळे समुद्रातून न उपटता दुसऱ्या हौशी माणसाच्या पेटीतून तिचा अंश मिळविता येतो. पूर्ण फुलल्यावर तिचा व्यास ३० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो, हे मांडणी करताना ध्यानात घ्यावे.

समुद्रपुष्पाच्या शरीरात सूक्ष्म सहजीवी शैवल असते. ते प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते आणि त्याचा मोठा वाटा यजमानास मिळतो. म्हणूनच समुद्रपुष्पाला रोज आठ ते दहा तास भरपूर प्रकाश लागतो. साध्या ट्यूबलाइटवर ते तग धरीत नाही. रंग उडून पांढरे पडलेले समुद्रपुष्प काहींना अधिक सुंदर वाटते. वस्तुतः त्याने आपले शैवल गमावलेले असते आणि ते उपासमारीच्या मार्गाला लागलेले असते. असे समुद्रपुष्प विकत घेऊ नये.

समुद्रपुष्प जागेवर पक्के बसलेले नसते. प्रकाश, प्रवाह किंवा पाणी मानवले नाही, तर ते पायाच्या चकतीवर सरकत सरकत दुसरी जागा शोधते. या भ्रमंतीत पाणी फिरविणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाऊन ते चिरडले जाण्याचे प्रकार नेहमी घडतात. तेव्हा प्रत्येक पंपाच्या व फिल्टरच्या तोंडाला स्पंज किंवा बारीक जाळी बसविल्यावाचून समुद्रपुष्प पेटीत सोडू नये.

समुद्रपुष्प आधी, मासे नंतर

मांडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. समुद्रपुष्पासाठी पेटीच्या एका टोकाला, इतर खडकांपासून सुटा असा एक खडक ठेवावा. सुट्या खडकावर बसलेले समुद्रपुष्प सहसा वाळू ओलांडून जात नाही. ते एका जागी स्थिर होऊन नियमितपणे फुलू लागले, की त्यानंतर काही आठवड्यांनी मासे आणावेत. पेटीचा निदान अर्धा भाग समुद्रपुष्पाच्या आवाक्याबाहेर राहिला पाहिजे. त्या अर्ध्या भागात खडकांच्या कपारी आणि उभ्या फटी रचून माशांसाठी स्वतंत्र आसरा करावा. लांब काट्यांच्या अर्चिनासारखी दिसणारी कृत्रिम वस्तूही चालते. आसरा दुसरीकडे मिळाला, तर दचकलेला मासा समुद्रपुष्पाकडे धाव घेत नाही.

आणलेले मासे थेट या पेटीत सोडू नयेत. चार ते सहा आठवडे त्यांना वेगळ्या पेटीत निरीक्षणाखाली ठेवावे. याला दोन कारणे आहेत. पहिले असे, की बांगाई कार्डिनलला इरिडोव्हायरस गटातील एका विषाणूची बाधा होते. शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बाधित मासा मंद होतो, अन्न सोडतो, त्याचा रंग काळवंडतो आणि त्यावर औषध नाही. दुसरे असे, की माशांच्या परजीवींवर वापरले जाणारे तांबेयुक्त औषध समुद्रपुष्पाला मारक ठरते. म्हणून माशाचा उपचार मुख्य पेटीत करताच येत नाही. अशक्त, आजारी मासाच प्रथम संस्पर्शकांत सापडतो. समुद्रपुष्पाने मासा खाल्ला अशी जी हकिकत सांगितली जाते, तिच्या मुळाशी पुष्कळदा माशाचे आजारपण असते.

संख्येच्या बाबतीतही संयम आवश्यक आहे. समुद्रात थव्याने राहणारा हा मासा पेटीत मोठा झाल्यावर जोडी जमवितो आणि ती जोडी इतरांना छळू लागते. मार खाणारा मासा कोपऱ्यात दबत जातो, आणि तो कोपरा समुद्रपुष्पाचा असला तर त्याचा शेवट ठरलेलाच. नर-मादी बाह्य रूपावरून ओळखणे अवघड असते. तेव्हा जमलेली जोडी मिळाल्यास तीच घ्यावी. लहान वयाचे चार-पाच मासे आणल्यास जोडी जमताच बाकीच्यांची व्यवस्था दुसरीकडे करण्याची तयारी ठेवावी. त्याच समुद्रपुष्पात विदूषक माशांची जोडी ठेवू नये. विदूषक मासा आपल्या घराचे रक्षण त्वेषाने करतो आणि संथ प्रकृतीच्या कार्डिनलला टोचून हैराण करतो.

दिवा एकदम लावणे किंवा मालवणे हेही अपघाताचे कारण होऊ शकते. गडद अंधारात अचानक प्रकाश पडला, की मासा दिशाहीन उसळी घेतो. म्हणून सकाळी प्रथम खोलीत उजेड येऊ द्यावा व मग पेटीचा दिवा लावावा. सायंकाळी पेटीचा दिवा आधी मालवून खोलीतला नंतर मालवावा. यासाठी एका पैशाचाही खर्च येत नाही.

अन्नाबाबत हा मासा हलत्या भक्ष्याला सरावलेला आहे. समुद्रात तो कोपेपॉडसारखे सूक्ष्म प्राणिप्लवक टिपून खातो. पेटीत त्याला मायसिस कोळंबी व आर्टेमिया दिवसातून दोन-तीन वेळा, थोडे थोडे द्यावे. अन्न समुद्रपुष्पापासून दूरच्या टोकाला टाकावे, म्हणजे घास टिपण्याच्या भरात मासा संस्पर्शकांवर जाऊन आदळत नाही. समुद्रपुष्पाला आठवड्यातून एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा चिमट्याने दिला तरी पुरे. तुकडा मोठा झाला, तर ते तो ओकून टाकते आणि पाणी कुजते.

माशाचे पर फाटलेले दिसले, अंगावर पांढुरके चट्टे उमटले किंवा कल्ले जोराने हलू लागले, तर दंश झाला असे समजून त्याला लगेच वेगळ्या पेटीत हलवावे. समुद्रपुष्प दिवसेंदिवस मिटलेले राहिले, त्याचे तोंड वासलेले दिसले आणि दुर्गंधी येऊ लागली, तर ते तत्काळ बाहेर काढावे. पेटीत हात घालताना हातमोजे वापरावेत व नंतर हात स्वच्छ धुवावेत. लहान मुलांना तर पेटीत हात घालूच देऊ नये.

वीज आणि उन्हाळा

हे सारे नीट जमले, तरी आपल्याकडे दोन अडचणी उरतात. पहिली विजेची. पंप बंद पडला, की पाण्यातील प्राणवायू घटू लागतो आणि मोठ्या जिवांना त्याचा त्रास प्रथम होतो. वीज गेल्यावर आपोआप चालू होणारा, बॅटरीवरचा हवेचा पंप स्वस्त मिळतो. ज्या गावी वीजपुरवठा तासन्‌तास खंडित होतो, तेथे तो पेटीबरोबरच घेतला पाहिजे.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. विदर्भ-मराठवाड्यात चैत्र-वैशाखात खोलीचे तापमान सहज ३५ अंशांवर जाते. पाणी ३० अंशांपुढे गेले, की समुद्रपुष्प आपले शैवल गमावू लागते. पाण्यावर पंखा सोडल्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाण्याची वाफ झपाट्याने होते. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहते, आणि क्षारता वाढत जाते. म्हणून घटलेली पातळी रोज साध्या शुद्ध पाण्याने भरावी, मिठाच्या पाण्याने भरू नये. जेथे पंख्याने भागत नाही, तेथे पाणी थंड करणारे यंत्र घेण्याची ऐपत असेल तरच खाऱ्या पाण्याची पेटी मांडावी. ही गोष्ट खरेदीपूर्वी पाहावयाची आहे. मे महिन्यात ती लक्षात येऊन उपयोग नाही.

मासा कोठून आला, हे विचारावे

पेटीतील शेजार सुरक्षित झाला, तरी प्रश्न अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा बांगाई बेटांवर आहे. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या माशाची नोंद संकटग्रस्त जातींत केली. त्याच वर्षी आणि पुन्हा २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस करारान्वये नियंत्रण आणण्याचे प्रस्ताव मांडले गेले, पण दोन्ही वेळा ते मागे घेण्यात आले. २०१६ मध्ये अमेरिकेने आपल्या कायद्याखाली त्याची नोंद धोक्यात आलेली जात म्हणून केली. २०१८ मध्ये इंडोनेशियाने त्याला मर्यादित संरक्षण देऊन वर्षातील काही महिने बांगाई भागात त्याच्या मासेमारीस मनाई केली. दरम्यान त्या किनाऱ्यांवर अर्चिन आणि समुद्रपुष्पे यांचाही उपसा होत राहिला. मासे धरणे थांबले, पण पिलांचा आसरा नाहीसा झाला, तर बापाच्या तोंडातून बाहेर आलेले पिलू जाणार कोठे? समुद्रपुष्पाशी असलेले या माशाचे नाते पेटीत शोभेचे असेल. त्याच्या मूळ घरी ते जगण्या-मरण्याचे आहे.

या परिस्थितीत हौशी माणसाच्या हाती एक मोठी गोष्ट आहे. बांगाई कार्डिनलची पैदास बंदिस्त जागेत होऊ शकते, आणि परदेशांत ती व्यापारी प्रमाणावर केली जाते. पिले जन्मतःच मोठी असल्याने आर्टेमियाची ताजी उबविलेली पिले ती लगेच खाऊ लागतात. म्हणून घरगुती पेटीतही हे साधते, मात्र पिलांना आईबापांपासून वेगळे ठेवावे लागते. आपल्या देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या अनेक जातींची पैदास यशस्वी करून शोभिवंत सागरी मासे समुद्रातून न पकडताही मिळू शकतात, हे दाखवून दिले आहे. दुकानदाराला मासा पैदाशीचा आहे की समुद्रातून पकडलेला आहे, असे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर मासा घेऊ नये. गिऱ्हाईक विचारू लागले, की बाजार उत्तर शोधू लागतो.

पेटी सजविताना कायद्याचेही भान असावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे. तेव्हा सजावटीसाठी प्रवाळ खरेदी करणे किंवा किनाऱ्यावरून तोडून आणणे हा अपराध ठरू शकतो. पेटी नकोशी झाली, म्हणून त्यातील जीव समुद्रात सोडून देणे हा देखील उपाय नव्हे. सुलावेसीच्या उत्तर टोकाला असलेल्या लेंबे सामुद्रधुनीत व्यापारातून सुटलेल्या बांगाई कार्डिनलची वस्ती अशीच झाली आहे, आणि तो मासा तेथील मूळचा नव्हे.

शाळा आणि पंचायती

शाळेत खाऱ्या पाण्याची पेटी ठेवावयाची असेल, तर मुख्याध्यापकांनी आधी एकच प्रश्न विचारावा : दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत तिची देखभाल कोण करणार? या प्रश्नाचे उत्तर नावानिशी मिळत नसेल, तर गप्पी माशांची साधी पेटी ठेवणे श्रेयस्कर. तिच्यातूनही विद्यार्थी अन्नसाखळी, श्वसन आणि प्रजनन शिकू शकतात. उत्तर मिळत असेल, तर क्षारता, तापमान आणि पाण्याची पातळी यांची रोजची नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवून घ्यावी. एका वर्षाची अशी वही हा विज्ञानाचा उत्तम धडा होतो.

कोकणातील शाळांना तर पेटीचीही आवश्यकता नाही. ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरील पाण्याच्या डबक्यांत समुद्रपुष्पे फुललेली दिसतात. मालवणचा समुद्र १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. तेथे काय किंवा अन्य किनाऱ्यांवर काय, मुलांनी ती पाहावीत, त्यांची चित्रे काढावीत, पण एकही उपटून आणू नये. उपटताना त्याच्या पायाची चकती फाटते, आणि फाटलेले समुद्रपुष्प बहुधा जगत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे, आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. या नोंदवहीत शेतातील बियाणे व रानातील औषधी वनस्पती यांच्या नोंदी होतात. किनाऱ्यावरच्या पंचायतींनी तीत खडकांवरील समुद्रपुष्पे, अर्चिन व त्यांच्या आसऱ्याला राहणारे मासे यांचीही जागा, ऋतू आणि स्थानिक नाव यांसह नोंद करावी. कोळीवाड्यातील वडीलधाऱ्यांना यातील पुष्कळ माहिती असते. ती कागदावर मात्र क्वचितच उतरलेली असते. बांगाई कार्डिनलचे शास्त्रीय वर्णन १९३३ मध्ये झाले, पण त्याच्या वस्तीची मोजदाद होईपर्यंत उपसा कित्येक लाखांवर पोहोचला होता. आपल्या किनाऱ्यावर मोजणी आधी झाली, तर पुढे काय राखावयाचे हे ठरविणे सोपे जाईल, आणि हे काम करण्यास या सभागृहातील मंडळींहून अधिक योग्य माणसे शोधूनही सापडणार नाहीत.